“समान संधि” या शब्दांचा अर्थ

वाचकहो, “संधि” हा शब्द आपण प्रथम व्याकरणांत शिकतों. दोन अक्षरें जेथें जुळतात तो संधि. व्यवहारांत त्याच शब्दाचा अर्थ योग्य वेळ किंवा मोका असा होतो. हे दोन अर्थ एकमेकांपासून फार दूर नाहींत. मनुष्याची योग्यता व उघडें दार हीं जेथें जुळतात, तेथेंच संधि मिळते.

दार सर्वांस उघडें ठेविलें म्हणजे संधि समान झाली, असें पुष्कळांस वाटतें. योहानाच्या शुभवर्तमानांतील बेथेस्दा तळ्याचा वृत्तांत (अध्याय 5) काढून पाहा. तेथें कोणास मनाई नव्हती. तरी 38 वर्षें आजारी असलेला तो मनुष्य वेळेवर पाण्यांत उतरूं शकला नाहीं. कारण त्याला उचलून सोडणारें कोणी नव्हतें, व तो जातो न जातो तोंच दुसरा उतरत असे. मोकळीक सारखी होती, संधि सारखी नव्हती.

आपल्या बुलढाण्याचेंच उदाहरण घ्या. ताराबाई शिंदे यांचा जन्म 1850 सालीं येथें झाला. त्या काळीं या भागांत मुलींची शाळा नव्हती. वडील बापूजी हरि शिंदे हे सरकारी कचेरींत मुख्य कारकून होते. त्यांनीं मुलीस घरींच मराठी, संस्कृत व इंग्रजी शिकविलें. 1881 सालीं सुरतेस एका विधवेस बालहत्येबद्दल शिक्षा झाली, आणि वर्तमानपत्रें सगळ्या स्त्रीजातीस दूषणें देऊं लागलीं. तेव्हां ताराबाईंनीं “स्त्री-पुरुष तुलना” हें पुस्तक लिहून 1882 सालीं पुण्यास छापविलें. त्यांजवर टीका फार झाली; जोतीराव फुले यांनीं मात्र त्यांची बाजू घेतली. त्याच गांवांत इतकी बुद्धि असलेली दुसरी एकही मुलगी नव्हती काय? असेल, पण तिचा बाप बापूजी नव्हता. जी विद्या बापाच्या मर्जीवर मिळते तिला दैव म्हणावें, समान संधि म्हणूं नये.

26 जानेवारी 1950 रोजीं राज्यघटना अमलांत आली. तिच्या 16 व्या कलमानें सरकारी नोकरीच्या बाबतींत सर्व नागरिकांस समान संधि दिली. केवळ धर्म, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणी अपात्र ठरत नाहीं. त्याच कलमांत, ज्या मागासवर्गांस नोकऱ्यांत पुरेसें स्थान नाहीं त्यांजसाठीं जागा राखून ठेवण्याची सरकारास मुभा आहे. कित्येक यास समतेचा भंग म्हणतात. मला तसें वाटत नाहीं. तळ्याकाठीं पडलेल्यास हात दिल्यानें कोणाचें पाणी आटत नाहीं.

आमच्या मंडळ्यांस मात्र येथें एक अडचण आहे. 1950 सालच्या राष्ट्रपतींच्या आदेशानें अनुसूचित जातींची गणना मुख्यत्वें हिंदूंपुरती ठेविली. 1956 सालीं शिखांस व 1990 सालीं बौद्धांस तींत घेतलें. ख्रिस्ती बाहेरच राहिले. अनुसूचित जमातींस धर्माची अशी अट नाहीं. म्हणून ज्याच्या आजास गांवच्या विहिरीवर पाणी नाकारलें, त्या नातवास बाप्तिस्म्यानंतरही गांव जुन्याच नांवानें ओळखतो, पण त्या नांवाचा दाखला त्यास मिळत नाहीं. महाराष्ट्रांत अशा कुटुंबांची गणना इतर मागासवर्गांत होते. हें पुष्कळ घरांस ठाऊकच नसतें. उपदेशक बंधूंनीं मुलांच्या शाळेच्या दाखल्यावर जात व धर्म काय लिहिले आहेत, तें पालकांस वाचून दाखवावें. पुढें जातीच्या दाखल्याच्या वेळीं कचेरींत तोच कागद मागतात.