पवनी ते अंकोर : मुचलिंद नागाच्या वाटेने



बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर आणि लुंबिनी या चार स्थळांची यात्रा आपल्याकडे आता नवलाईची राहिलेली नाही. प्रवासी कंपन्यांच्या जाहिरातींत थायलंड, व्हिएतनाम आणि कंबोडिया यांची नावे दिसू लागली आहेत. मी बँकेच्या खिडकीवर बसतो. निवृत्तीच्या पैशातून किंवा मुदत ठेव मोडून अशा सहलीची रक्कम भरणारे ज्येष्ठ सभासद मला तेथे भेटतात. त्यांच्याशी बोलताना एक गोष्ट लक्षात येते. विमान कोठून सुटणार, जेवण शाकाहारी मिळेल काय, थंडी किती असते, हे सर्व त्यांनी विचारून ठेवलेले असते; परंतु तेथे जाऊन नेमके काय पाहावयाचे आहे, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. प्रस्तुत लेख त्या प्रश्नासाठी आहे. त्याची सुरुवात मात्र कंबोडियात न करता आपल्या पवनीतच करावी लागेल.

पवनी हे वैनगंगेच्या काठचे प्राचीन नगर. एका अंगाला नदी आणि इतर बाजूंनी मातीचा उंच तट व खंदक, अशी त्याची रचना आजही ओळखू येते. गावाबाहेर जगन्नाथ टेकडी आहे आणि चांदकापूरच्या बाजूला सुलेमान टेकडी आहे. एका टेकडीला जगन्नाथाचे नाव, दुसरीला सुलेमानचे. आणि दोन्हींच्या पोटात निघाले ते बौद्ध स्तूप! नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी संयुक्तपणे १९६९-७० साली येथे उत्खनन केले. डॉ. शां. भा. देव आणि श्री. जगत्पती जोशी यांनी त्याचा अहवाल लिहिला, तो १९७२ साली प्रसिद्ध झाला. मौर्यकाळाच्या सुमारास उभा राहिलेला आणि पुढे शुंग-सातवाहन काळात वाढविलेला असा हा स्तूप होता. त्याचा व्यास चाळीस मीटरच्या आसपास, म्हणजे आकाराने तो सांचीच्या मोठ्या स्तूपाच्या तोडीचा होता. त्याच्याभोवती दगडी वेदिका म्हणजे कठडा होता. उभे स्तंभ, त्यांत बसविलेल्या आडव्या सूची आणि वरून उष्णीष, ही वेदिकेची तीन अंगे विद्यार्थ्यांनी पाठच करून ठेवावीत. सांचीला गेले की ती पुन्हा भेटतात.

या वेदिकेच्या एका स्तंभावर मुचलिंद नाग कोरलेला आहे. कथा सर्वांना माहीत आहे. बोधिप्राप्तीनंतरच्या आठवड्यांत तथागत ध्यानस्थ असताना अवकाळी पावसाची झड लागली, ती सात दिवस चालली. तेव्हा मुचलिंद नावाच्या नागराजाने आपल्या वेटोळ्यांनी त्यांना वेढून मस्तकावर फणा धरला. पवनीच्या शिल्पात पाच फण्यांचा नाग आहे, त्याखाली आसन आहे, भक्त हात जोडून आहेत, आणि ब्राह्मी अक्षरांत नागाचे नावही कोरलेले आहे. आसनावर मात्र कोणीच नाही!

शाळेतील एका मुलाने हे छायाचित्र पाहून मला विचारले, “काका, मूर्ती चोरीला गेली काय?” प्रश्न हुशारीचा होता. मूर्ती चोरीला गेलेली नाही. ती कधी कोरलीच गेली नव्हती. इसवी सनापूर्वीच्या त्या काळात बुद्धाला मानवी रूपात दाखविण्याची रीत रूढ झालेली नव्हती. रिकामे आसन, बोधिवृक्ष, धम्मचक्र, पदचिन्हे यांवरून पाहणाऱ्याने ओळखावयाचे असे. भारहूत आणि सांची येथेही तसेच आहे. पवनीच्या कारागिराने नाग घडविला, त्याचे नाव लिहिले आणि ज्याच्यासाठी तो फणा उभारला गेला त्याची जागा मोकळी सोडली.

आता येथून कंबोडियाला जाऊ या. मधे हजार-बाराशे वर्षे आणि एक समुद्र आहे.

अंकोर हा शब्द आपल्या ‘नगर’ शब्दाचेच ख्मेर रूप होय. ख्मेर भाषेत शाळेला ‘साला’, विहाराला ‘विहिअर’ म्हणतात; त्यांच्या महिन्यांच्या नावांत चैत्र, वैशाख, भाद्रपद सहज ओळखू येतात. त्यांची लिपी दक्षिण भारतातील पल्लव लिपीतून निघालेली असून, ख्मेर भाषेतील सर्वांत जुना कालोल्लेख असलेला शिलालेख इ. स. ६११ चा आहे. भारतातून सैन्य गेले आणि तो देश जिंकला असे मात्र कोणी समजू नये. व्यापारी गेले, पंडित गेले, भिक्षू गेले; आणि तेथील लोकांनी आपल्याला हवे ते घेऊन स्वतःचे घडविले.

तेथील राज्याच्या उत्पत्तीची कथाही नागाचीच आहे. परदेशातून आलेला कौंडिण्य आणि तेथील नागराजाची कन्या सोमा यांच्या विवाहातून राजवंश निर्माण झाला, असे ते मानतात. आजही ख्मेर लग्नात नवरदेव नवरीच्या उपरण्याचे टोक धरून तिच्या मागे चालतो, ते या कथेच्या स्मरणार्थ. आपल्याकडे नवरी मागे असते. तेथे नागकन्या पुढे! नाग लोकांचा आणि आपल्या भूमीचा संबंध बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात सांगितला होता, हे येथे अनेकांना आठवेल.

अंकोरच्या देवळांत पाहणाऱ्याला जागोजागी नाग भेटतो. पुलांचे कठडे म्हणजे लांबच लांब नागदेह, टोकाला सात फण्यांचा पंखा. आणि ख्मेर शिल्पकलेतील सर्वांत वैशिष्ट्यपूर्ण बुद्धमूर्ती कोणती म्हणाल, तर मुचलिंदाच्या वेटोळ्यांवर बसलेले, सात फण्यांखाली डोळे मिटलेले तथागत. पवनीत जे आसन रिकामे होते तेच येथे भरलेले दिसते. दोन्ही शिल्पांची छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवून विद्यार्थ्यांना दाखविल्यास बौद्ध कलेचा अर्धा इतिहास न शिकविता समजेल, असे माझे मत आहे.

अंकोर वाट हे सर्वांत प्रसिद्ध मंदिर बाराव्या शतकात दुसऱ्या सूर्यवर्मन राजाने विष्णूसाठी बांधले. पुढे ते बौद्ध झाले आणि आजही तेथे भिक्षू असतात. मधला मनोरा सुमारे ६५ मीटर उंच, भोवतीचा खंदक जवळजवळ १९० मीटर रुंद. मंदिराचे तोंड पश्चिमेला आहे. म्हणून सूर्योदय मंदिरामागे होतो आणि त्यासाठी पहाटे गर्दी उसळते. भिंतीवरची शिल्पे मात्र डाव्या हाताला मंदिर ठेवून, म्हणजे प्रदक्षिणेच्या उलट दिशेने पाहावयाची असतात. कुरुक्षेत्राचे युद्ध, राजाची मिरवणूक, स्वर्ग-नरक, समुद्रमंथन असा तो क्रम आहे. आपले लोक सवयीने प्रदक्षिणा घालू लागतात आणि गोष्ट शेवटाकडून सुरू होते.

परंतु आपल्या अभ्यासाचा खरा विषय सातवा जयवर्मन हा होय. हा इ. स. ११८१ मध्ये गादीवर आला. चाम लोकांनी ११७७ मध्ये राजधानी लुटली होती. त्या पडझडीतून त्याने राज्य उभे केले. तो महायान बौद्ध होता. ११८६ च्या ता प्रोम येथील शिलालेखात राज्यातील १०२ आरोग्यशालांचा उल्लेख आहे. ११९१ च्या प्रेह खान येथील लेखात रस्त्यांवरील १२१ विश्रामगृहे सांगितली आहेत. आरोग्यशालांच्या लेखांतील आशय असा की, प्रजेच्या शरीराचे दुखणे हे राजाच्या मनाचे दुखणे असते. आजच्या काळातही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. अंकोर पाहण्याचा परवाना २०१७ पासून एका दिवसास ३७, तीन दिवसांस ६२ आणि सात दिवसांस ७२ अमेरिकन डॉलर आहे, आणि प्रत्येक परवान्यातील दोन डॉलर कंठ बोफा या बालरुग्णालयांना दिले जातात. हिशेब करणाऱ्यांनी एवढेही ध्यानात घ्यावे की एक दिवसाचा परवाना स्वस्त वाटला तरी महागच पडतो. एका दिवसात काही पाहून होत नाही.

जयवर्मनची राणी इंद्रदेवी ही विदुषी होती. आपल्या बहिणीच्या, म्हणजे पूर्वीच्या राणीच्या स्मरणार्थ तिने संस्कृतात शिलालेख रचला आणि विहारांत ती स्त्रियांना शिकवीत असे. प्रवासी मार्गदर्शक हिच्याविषयी क्वचितच बोलतात. विद्यार्थिनींनी तिचे नाव टिपून ठेवावे.

आता एक अप्रिय गोष्ट. त्याच ता प्रोमच्या लेखात असे दिले आहे की त्या एका मंदिराच्या सेवेसाठी ३,१४० गावांतील ७९,३६५ माणसे लावली होती. राजा बौद्ध होता, करुणेची भाषा बोलत होता, आणि तरीही हे भार गावांनी वाहिले. १२९६ साली आलेला चिनी प्रवासी झोऊ दागुआन याने तेथील घरोघरच्या गुलामांचे वर्णन लिहून ठेवले आहे. भव्य दगड पाहून आपण भारावून जातो, तेव्हा तो वाहणाऱ्याचा विचार आपण करावयाचा नाही तर कोणी करावयाचा?

या ठिकाणी मला पवनी मोठी वाटते. आपला स्तूप कोणा एका राजाच्या हुकुमाचा दिसत नाही. वेदिकेच्या दगडांवर ब्राह्मीत लहान लहान दानलेख आहेत. कोणी एक स्तंभ दिला, कोणी एक सूची. विसमिता नावाच्या एका स्त्रीचे दान आहे, आणि ते सर्व प्राणिमात्रांच्या सुखासाठी असो, अशी इच्छा तिने कोरवून घेतली आहे. संस्थेची वर्गणी गोळा करणाऱ्या आमच्या कार्यकर्त्यांना मी सांगतो की हे दानलेख म्हणजे दगडावर फाडलेल्या पावत्या आहेत. बावीसशे वर्षे टिकलेले पावतीपुस्तक दुसरे कोठे आहे?

आणि हे पावतीपुस्तक ज्या गावाचे, त्या गावातील कित्येक मुलांनी ते पाहिलेले नाही. रुयाडच्या महास्तूपाकडे लोक आवडीने जातात, ते योग्यच आहे. पण जगन्नाथ टेकडीवर उभे राहून खाली काय आहे हे सांगणारा माणूस नसतो. अंकोरला परवानाधारक मार्गदर्शक असतात, त्यांना परीक्षा द्यावी लागते. आपल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपैकी पाच-सात जणांनी उत्खननाचा अहवाल वाचून तयारी केली तर रविवारी टेकडी दाखविण्याचे काम सहज होण्यासारखे आहे. त्याला परवाना लागत नाही आणि भांडवलही लागत नाही.

लोकजीवन पाहावयाचे असेल तर बायोन मंदिराच्या बाहेरच्या भिंतीपुढे सावकाश थांबावे. मनोऱ्यांवरील प्रचंड हसरे चेहरे सर्वजण पाहतात. खालची भिंत पाहात नाहीत. तेथे बाजार भरला आहे, बायका मासे विकताहेत, कोंबड्यांची झुंज लागली आहे, एक स्त्री बाळंत होते आहे, चुलीवर भांडे आहे. भंडारा जिल्ह्याच्या माणसाला हा देश परका वाटू नये. तांदूळ आणि मासळी हेच तेथील अन्न. आपल्याकडे कोहळी समाजाने तलाव बांधून धान पिकविले. तेथे राजांनी ‘बाराय’ नावाचे तलाव बांधले, त्यांतील पश्चिम बाराय सुमारे आठ किलोमीटर लांब आणि दोन किलोमीटर रुंद आहे. तोनले साप नदी तर पावसाळ्यात उलट दिशेने वाहते. मेकाँगला पूर आला की पाणी सरोवरात चढते आणि पूर ओसरला की परत फिरते. त्यांचे नववर्ष एप्रिलच्या मध्यावर येते. १४ एप्रिलला तेथे असलात तर तेथील सणाची गर्दी पाहून घरची आठवण होईल.

वयस्कर माणसांशी बोलताना एक पथ्य पाळावे. १९७५ ते १९७९ या ख्मेर रूज राजवटीत सतरा लाखांच्या आसपास माणसे मेली, भिक्षूंची चीवरे उतरविली गेली, विहार ओस पडले. साठीच्या पुढच्या प्रत्येकाच्या घरात त्यातले काही ना काही आहे. त्यांनी सांगितले तर ऐकावे, आपण होऊन विचारू नये. त्या राखेतून संघ पुन्हा उभा करणारे महाघोसानंद हे भारतात नालंदा येथे शिकलेले होते. १९९२ पासून त्यांनी धम्मयात्रा काढून युद्धग्रस्त भागांतून लोकांना पायी चालविले.

भारत सरकारच्या पुरातत्त्व सर्वेक्षणाने अंकोर वाटच्या दुरुस्तीचे काम १९८६ ते १९९३ या काळात केले. दगड स्वच्छ करण्याच्या पद्धतीवर त्या वेळी टीकाही झाली. पुढे ता प्रोमच्या दुरुस्तीत तीच संस्था सहभागी झाली. झाडांच्या मुळांनी वेढलेले हे मंदिर पाहताना तेथील फलकावर आपल्या देशाचे नाव दिसते. त्याच संस्थेने पवनीही खणली, हे आपल्या मंडळींनी मार्गदर्शकाला अवश्य सांगावे.

शेवटी एक ठिकाण, जे सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत बहुधा नसते. बायोनच्या मुख्य गाभाऱ्यात जयवर्मनने मुचलिंदाच्या फण्याखालील बुद्धाची ३.६ मीटर उंच मूर्ती बसविली होती. तेराव्या शतकातील शैव राजवटीत ती फोडून खालच्या खड्ड्यात टाकण्यात आली. १९३३ साली जॉर्ज त्रुवे या फ्रेंच पुरातत्त्वज्ञाला तिचे तुकडे सापडले. ते जोडून १९३५ साली राजा मोनिवोंग यांच्या काळात मूर्ती पुन्हा उभी केली गेली. ती संग्रहालयात नाही. अंकोर थोममध्ये विजयद्वाराकडे जाणाऱ्या रस्त्याजवळ, ‘प्रांपिल लवेंग’ नावाच्या जागी साध्या छपराखाली ती आहे, आणि गावातील लोक तेथे उदबत्ती लावतात. बस तेथे आपण होऊन थांबत नाही. बायोनला पोहोचण्यापूर्वीच मार्गदर्शकाला नाव सांगून ठेवावे, अर्धा तास पुरतो.