कामासाठी परमुलखात : स्थलांतर आणि कायदा

(अभ्यासपाठ)



नागरिकशास्त्राच्या पुस्तकात ‘स्थलांतर’ हा विषय एकदोन पानांत आटोपतो. आपल्या धार-देवासच्या मराठी मंडळींना मात्र तो घरचाच विषय आहे. आजी-आजोबांना विचारा, ‘आपले मूळ गाव कोणते?’ कोणी पुणे सांगेल, कोणी सातारा, कोणी कोकणातले एखादे खेडे. म्हणजे आपणही इथे कधीतरी बाहेरूनच आलो. म्हणून या अंकासाठी आम्ही हा प्रश्न घेतला आहे : कामासाठी माणसे एका मुलखातून दुसऱ्या मुलखात जातात, तेव्हा सरकारचे धोरण कसे असावे? पालकांनी आणि विश्वस्तांनीही हा पाठ मुलांबरोबर वाचावा, ही विनंती.

१) आपले पूर्वज कसे आले?

१७२८ साली अमझेऱ्याच्या लढाईत चिमाजी अप्पांच्या फौजेने माळव्याचा मोगल सुभेदार गिरधर बहादूर याचा पराभव केला. अमझेरा आज धार जिल्ह्यातच आहे. पुढे माळव्यात मराठ्यांचा अंमल बसला. धारला पवारांची गादी झाली. देवासला तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंची थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन संस्थाने झाली. राज्य चालवायचे तर शिपाई हवेत, हिशेब लिहिणारे कारकून हवेत, वैद्य आणि पुरोहित हवेत. अशी माणसे दक्षिणेतून इकडे आली.

त्यांतल्या अनेकांना नुसता पगार मिळाला नाही. कोणाला राहायला जागा मिळाली, कोणाला इनाम जमीन. दप्तरात नाव चढले. म्हणून ती कुटुंबे टिकली आणि १९४८ साली संस्थाने मध्य भारतात विलीन झाल्यावरही इथेच राहिली. सगळ्यांचेच असे झाले नाही. पागेतला मोतद्दार किंवा पालखीचा भोई यांची नावे सनदांमध्ये क्वचितच असत. ज्याचे नाव लिहिले गेले त्याला हक्क मिळाला, ज्याचे लिहिले गेले नाही तो विसरला गेला. हे सूत्र पुढे उपयोगी पडेल.

२) आज कोण येते, कोण जाते?

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात सुमारे ४५ कोटी लोक आपले पूर्वीचे ठिकाण सोडून दुसरीकडे राहत होते. त्यांत लग्न होऊन सासरी गेलेल्या स्त्रियांची संख्या सर्वांत मोठी आहे. त्यामुळे हे सगळे मजूर, असे समजू नका. शिवाय शेतीचा हंगाम संपल्यावर चार-सहा महिने बाहेर जाऊन परतणारा मजूर या मोजणीत नीट सापडत नाही.

आपल्या जिल्ह्यांत दोन्ही प्रवाह दिसतात. देवासला १९७० च्या दशकात बँक नोट प्रेस आली, कारखाने आले. धार जिल्ह्यात पीथमपूरची औद्योगिक वसाहत १९८० च्या दशकात वाढली. तिथे उत्तर प्रदेश आणि बिहारमधले कामगार येतात. आणि त्याच धार जिल्ह्याच्या पश्चिमेकडून, कुक्षी, डही, गंधवानी भागातून, आदिवासी कुटुंबे पावसाळी पीक निघाले की गुजरातची वाट धरतात. एकाच जिल्ह्यात माणसे येतातही आणि जातातही.

३) १९७९ चा कायदा

राज्याबाहेर कामाला नेल्या जाणाऱ्या मजुरांसाठी संसदेने १९७९ साली आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा केला. मजूर नेणाऱ्या ठेकेदाराला परवाना हवा. प्रत्येक मजुराला छायाचित्र लावलेले पासबुक द्यावे. जाण्यायेण्याचा खर्च, राहण्याची सोय आणि औषधपाणी द्यावे. घर सोडल्याबद्दल वेगळा भत्ता द्यावा. कायदा कागदावर चांगला होता. पण बहुसंख्य मजुरांची नोंदच झाली नाही. मजूर एखाद्या ओळखीच्या मुकादमाबरोबर बसने जातो आणि कामाला लागतो. पासबुक कोण मागणार आणि कोण देणार?

४) धुळीची गोष्ट

नोंद नसल्याने काय होते, ते आपल्या शेजारच्याच उदाहरणावरून पाहू. झाबुआ, अलिराजपूर आणि धार जिल्ह्यांतले आदिवासी मजूर गुजरातमध्ये गोध्रा परिसरातील गारगोटी दळण्याच्या कारखान्यांत कामाला गेले. दगड दळताना सिलिकाची अतिबारीक धूळ उडते. ती फुप्फुसात बसते, तिथे व्रण होतात आणि हळूहळू श्वास घेणे कठीण होते. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. तो बरा करणारे औषध नाही. पाणी मारून दळणे, धूळ ओढून घेणारी यंत्रे आणि चांगले मास्क यांनी तो टाळता मात्र येतो.

माणसे घरी परतली आणि मरू लागली. भरपाई मागायला गेल्यावर पहिला प्रश्न आला, ‘तुम्ही तिथे कामाला होता याचा पुरावा काय?’ पासबुक नव्हते, हजेरीपत्रक नव्हते. अखेर राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१० साली २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये द्यावेत, अशी शिफारस गुजरात सरकारला केली. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली ती भरपाई देण्याचा आदेश दिला. एका साध्या नोंदीअभावी केवढी वर्षे गेली, ते पाहा.

५) २०२० आणि त्यानंतर

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. आग्रा-मुंबई रस्ता देवासवरून आणि धार जिल्ह्यातील खलघाट-धामनोदवरून जातो. त्या रस्त्याने डोक्यावर बोचके आणि कडेवर मूल घेऊन चालत निघालेली माणसे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली. शहरात काम थांबले होते आणि रेशनकार्ड गावी होते.

त्यानंतर काही सुधारणा झाल्या. २०१९ पासून काही राज्यांत सुरू झालेली ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजना जून २०२२ पर्यंत सर्व राज्यांत पोहोचली. ऑगस्ट २०२१ मध्ये असंघटित कामगारांच्या नोंदणीसाठी ई-श्रम पोर्टल सुरू झाले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि १९७९ चा कायदा त्यांत सामावला गेला. आता ठेकेदाराशिवाय स्वतःहून गेलेला मजूरही ‘स्थलांतरित कामगार’ धरला जातो, ही जमेची बाजू. पण पूर्वी ५ परराज्यातले मजूर असलेल्या ठिकाणी लागू होणाऱ्या तरतुदी आता १० मजूर असतील तिथे लागू होतात. लहान भट्टी किंवा लहान कारखाना त्यातून सुटू शकतो, ही उणी बाजू.

६) जर्मनीचा अनुभव

दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीला कामगार कमी पडू लागले. त्या देशाने १९५५ साली इटलीशी आणि १९६१ साली तुर्कस्तानशी करार करून माणसे बोलावली. त्यांना ‘पाहुणे कामगार’ म्हणत. थोडी वर्षे काम करून ती परत जातील, अशी कल्पना होती. पण शिकवून तयार केलेला कामगार परत पाठवणे कारखानदारांनाच परवडेना. अनेक जण राहिले, बायकामुले आली. भाषा आणि शाळा यांची तयारी मात्र झाली नव्हती. १९७३ साली भरती थांबली, पण हा प्रश्न उरला. पुढे जर्मनीने धोरण बदलले. २००५ च्या कायद्याने भाषावर्गांची सोय केली आणि २०२० पासून कुशल कामगारांसाठी नवा कायदा आणला. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने तिथल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्यातही जर्मन भाषेचे शिक्षण आहेच. एक चूक सुधारायला त्या देशाला कित्येक दशके लागली.

७) ‘आधी आमच्या मुलांना’

हाही प्रश्न खरा आहे. कारखाना आमच्या जमिनीवर, मग नोकरी बाहेरच्याला का? डिसेंबर २०१८ मध्ये मध्य प्रदेश सरकारने सवलती घेणाऱ्या उद्योगांसाठी ७० टक्के रोजगार राज्यातील लोकांना देण्याची अट जाहीर केली होती. हरियाणाने खासगी नोकऱ्यांत ७५ टक्के जागा स्थानिकांना देणारा कायदा केला. तो नोव्हेंबर २०२३ मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने रद्द केला. देशात कुठेही राहण्याचा आणि व्यवसाय करण्याचा हक्क संविधानाच्या कलम १९ ने नागरिकांना दिला आहे. आणि उद्या गुजरातने किंवा महाराष्ट्राने असेच दार लावले, तर डही-कुक्षीच्या मजुराने जायचे कुठे? आम्हाला वाटते, स्थानिक मुलांना खरा आधार अडसराने मिळत नाही. तो आयटीआयच्या चांगल्या शिक्षणाने मिळतो.

८) आमचे म्हणणे

१७ सप्टेंबर २०२५ रोजी धार जिल्ह्यातल्या भैंसोला येथे पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी झाली. तिथे कामगार येतील, त्यांची मुलेही येतील. जो देश किंवा जो गाव कामाला हात मागतो, त्याने त्या हातांमागच्या माणसाचे नाव लिहून घ्यावे, त्याच्या रेशनची, दवाखान्याची आणि मुलांच्या शाळेची सोय आधी करावी. धोरणाची परीक्षा इथेच आहे.

शिक्षण हक्क कायद्यानुसार सरकारी व अनुदानित शाळेला, जुन्या शाळेचा दाखला उशिरा आला म्हणून मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. आपल्या संस्थेनेही हाच नियम स्वतःहून पाळावा आणि वर्षाच्या मध्यात येणाऱ्या मुलांसाठी काही जागा राखाव्यात, असे आम्ही विश्वस्त मंडळाला नम्रपणे सुचवतो. आपले नाव कोणीतरी दप्तरात लिहिले म्हणून आपण इथे आहोत. आता लिहिण्याची पाळी आपली आहे.

स्वाध्याय

१. आपले कुटुंब इथे केव्हा, कुठून आणि कोणत्या कामासाठी आले, ते घरी विचारून दहा ओळींत लिहा.

२. मजुराकडे पासबुक असते तर सिलिकोसिसच्या प्रकरणात काय फरक पडला असता?

३. ‘५ मजूर’ आणि ‘१० मजूर’ या अटींत कोणाचा फायदा आणि कोणाचा तोटा, ते सांगा.

४. वर्गात चर्चा करा : स्थानिकांसाठी नोकऱ्या राखीव असाव्यात का? दोन्ही बाजू मांडा.

५. पालकांच्या मदतीने आपल्या गल्लीतल्या एका परगावच्या कामगाराशी बोला. त्याचे रेशनकार्ड इथे चालते का आणि ई-श्रमची नोंद आहे का, ते विचारा. नसेल तर नोंदणीला मदत करा.