पुराचे माप

कबनूर हे गाव इचलकरंजीला अगदी लागून आहे. यंत्रमागांचा खडखडाट, उसाचे मळे आणि जवळून वाहणारी पंचगंगा ही तेथील मुलांच्या नित्य परिचयाची. पावसाळ्यात या भागात कधी कधी मोठे नवल दिसते. अंगणात लख्ख ऊन पडलेले असते, पावसाचा थेंबही नसतो. आणि नदी मात्र पात्र सोडून उसात शिरत असते!

हे पाणी येते कोठून? दूर पश्चिमेस, गगनबावडा व राधानगरीच्या डोंगरांत पाऊस कोसळत असतो. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्यांचे पाणी पंचगंगेत येते आणि काही तासांनी खालच्या गावांपाशी पोहोचते. म्हणून नदीकाठचा शेतकरी केवळ आभाळाकडे पाहून निर्धास्त होत नाही. तो विचारतो, "राजाराम बंधाऱ्यावर किती फूट?"

कोल्हापूरनजीकच्या या बंधाऱ्यावर पाण्याची उंची मोजतात. ३९ फूट ही इशाऱ्याची पातळी आणि ४३ फूट ही धोक्याची. या आकड्यांवरून गुरे केव्हा हलवावीत, कोणता रस्ता केव्हा बंद करावा, हे ठरते. रस्ता उशिरा बंद केला, तर प्रवासी पाण्यात सापडतात. उगाच लवकर केला, तर दूध अडते, आजारी माणूसही अडतो. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर चढले. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बुडाला आणि मालमोटारी कित्येक दिवस जागच्या जागी उभ्या राहिल्या.

पूर्वी ही उंची माणूसच वाचून सांगे. आता कृष्णेच्या खोऱ्यात अनेक ठिकाणी स्वयंचलित यंत्रेही बसविली आहेत. त्यांची युक्ती समजण्यास क्षणभर हिमालयात जाऊ. तेथे रोहतांग, जोझिला अशा घाटांत हिमवर्षावाने वाटा बुजतात. बर्फ किती साचले, हे मोजण्यासाठी खांबावर एक यंत्र बसवितात. ते खाली ध्वनी सोडते आणि त्याचा प्रतिध्वनी परत येण्यास लागलेला वेळ मोजते. समजा, यंत्र जमिनीपासून ३ मीटर उंच आहे आणि प्रतिध्वनीवरून बर्फाचा पृष्ठभाग २ मीटर अंतरावर ठरला. तर बर्फाचा थर १ मीटर झाला. थंड हवेत ध्वनीचा वेग मंदावतो. शून्य अंशावर तो सेकंदास सुमारे ३३१ मीटर असतो. म्हणून यंत्राला तापमापकाचीही जोड द्यावी लागते.

नदीवरील पुलाला असेच यंत्र टांगता येते. त्यात पुष्कळदा ध्वनीऐवजी रेडिओलहरी वापरतात. पाणी जसजसे वर चढते, तसतसे यंत्र व पाणी यांतील अंतर घटते आणि तो आकडा बिनतारी संदेशाने दूरच्या कचेरीत जाऊन पोहोचतो.

तरीही काठावरच्या मोजपट्टीवर रंगविलेले फुटांचे आकडे कोणी पुसून टाकलेले नाहीत. ऐन पुरात यंत्र बंद पडले, तर हातात विजेरी घेऊन माणसालाच ते वाचावे लागतात.