बल्लाळ : देवाच्या नावाआधी लागलेले भक्ताचे नाव

अष्टविनायकांची नावे भाविकांना पाठ असतात. मोरगावचा मयूरेश्वर, सिद्धटेकचा सिद्धिविनायक, पालीचा बल्लाळेश्वर, महडचा वरदविनायक, थेऊरचा चिंतामणी, लेण्याद्रीचा गिरिजात्मज, ओझरचा विघ्नेश्वर आणि रांजणगावचा महागणपती. यांतील बहुतेक नावे गणेशाचे वाहन, त्याचे सामर्थ्य किंवा त्याचे कुळ सांगणारी आहेत. मोर वाहन म्हणून मयूरेश्वर, गिरिजेचा पुत्र म्हणून गिरिजात्मज, इच्छिलेले देणारा म्हणून चिंतामणी. ओझर येथे विघ्नासुराने शरण येऊन आपले नाव देवाच्या नावाशी जोडले जावे असे मागून घेतले, अशी कथा आहे. भक्ताचे नाव धारण करणारा अष्टविनायक मात्र एकच, तो पालीचा. तो भक्त कोणी राजा नव्हता, ऋषी नव्हता. एका व्यापाऱ्याचा लहान मुलगा होता.

रायगड जिल्ह्यातील सुधागड तालुक्यात, सरसगडाच्या पायथ्याशी, अंबा नदीच्या परिसरात श्रीक्षेत्र पाली वसले आहे. गणेशपुराणाच्या उपासनाखंडात आलेली कथा थोडक्यात अशी. पल्ली नावाच्या नगरात कल्याण नावाचा वैश्य राहत होता. त्याच्या पत्नीचे नाव इंदुमती आणि पुत्राचे नाव बल्लाळ. बल्लाळ आपल्या सवंगड्यांसह रानात जाऊन एका मोठ्या पाषाणालाच गणपती मानून पूजा करी. पाने, फुले, दूर्वा वाहावयाच्या, काटक्या-पानांचा मंडप उभारावयाचा आणि नामघोषात तहानभूक विसरावयाची, असा मुलांचा क्रम चाले. मुले घरी वेळेवर येईनात, तेव्हा त्यांच्या पालकांनी कल्याणशेठीकडे तक्रार केली. संतापलेल्या पित्याने रानात जाऊन पूजा उधळली, पाषाण भिरकावून दिला, बल्लाळाला रक्तबंबाळ होईपर्यंत मारले आणि झाडाला बांधून ठेवले. ‘आता तुझा देवच तुला सोडवील’ अशा अर्थाचे बोलून तो निघून गेला. त्या अवस्थेतही मुलाने नामस्मरण सोडले नाही. तेव्हा गणेश ब्राह्मणरूपाने प्रकट झाले आणि त्यांनी त्याला मुक्त केले. ‘वर माग’ असे म्हणताच बल्लाळाने मागितले ते इतकेच, की देवाने येथेच वास्तव्य करावे. धन मागितले नाही, पित्याला शासनही मागितले नाही. आपले नाव देवाला लागावे हेही त्याने मागितले नव्हते. ते देवाने आपण होऊन दिले, आणि त्या स्थानी गणेश ‘बल्लाळविनायक’ म्हणून ओळखले जाऊ लागले. कल्याणाने भिरकावलेला पाषाण आज धुंडीविनायक म्हणून पूजिला जातो. बल्लाळेश्वराच्या आधी धुंडीविनायकाचे दर्शन घ्यावयाचे, अशी येथील प्रथा आहे.

‘बल्लाळेश्वर’ हा समास ‘बल्लाळाचा ईश्वर’ असा सुटतो. भक्ताच्या वा संस्थापकाच्या नावापुढे ‘ईश्वर’ जोडून देवाला नाव देण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे आणि ती मुख्यतः शिवालयांच्या बाबतीत आढळते. प्रभू रामचंद्रांनी स्थापिलेला तो रामेश्वर. राजराज चोळाने तंजावरला जे भव्य मंदिर उभारले आणि जे इ. स. १०१०मध्ये पूर्ण झाले, त्यातील देव राजराजेश्वर. होयसळांच्या राजधानीतला, हळेबीडचा, तो होयसळेश्वर. या सर्व ठिकाणी देवाच्या नावाआधी आलेले नाव मंदिर बांधणाऱ्याचे, म्हणजेच सत्तेचे आणि संपत्तीचे आहे. पालीस तीच रीत एका मुलाच्या पानाफुलांच्या मंडपाला लागू झाली, ही गोष्ट देणगीदारांनी जरूर लक्षात घ्यावी अशी आहे.

नावाचा उगम

बल्लाळ हा मूळचा संस्कृत शब्द वाटत नाही. त्याची चाल दक्षिणेकडची आहे. कन्नड भाषेत ‘आळ्’ या शब्दाचा अर्थ मनुष्य, सेवक, योद्धा असा होतो. बळ असलेला पुरुष तो बल्लाळ, अशी या नावाची फोड सामान्यतः केली जाते. शेवटचा ‘ळ’ हीदेखील त्या भाषेचीच खूण होय. उत्तरेकडे ‘ळ’चा उच्चार फारसा नसल्याने तेच नाव ‘बल्लाल’ असे लिहिले गेले. मराठीने मात्र ‘ळ’ जपला.

इतिहासात हे नाव प्रथम ठळकपणे भेटते ते राजकुळांत. कोल्हापूरच्या शिलाहार घराण्यात अकराव्या-बाराव्या शतकांच्या संधिकाळात बल्लाळ नावाचा राजा होऊन गेला. कर्नाटकातील होयसळ घराण्यात तर या नावाचे तीन राजे झाले. त्यांतील वीर बल्लाळ दुसरा (इ. स. ११७३ ते १२२०) हा सर्वांत पराक्रमी. देवगिरीच्या यादवांचा राजा पाचवा भिल्लम याच्याशी त्याचा मोठा संघर्ष झाला व त्यात त्याची सरशी झाली. हळेबीडचे नाजूक कोरीवकामाचे केदारेश्वर मंदिर त्याच्याच कारकिर्दीतले. बेलूर, हळेबीड व सोमनाथपूर येथील होयसळ मंदिरांचा २०२३मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. तिसऱ्या बल्लाळाने चौदाव्या शतकात दिल्लीच्या सुलतानांच्या स्वाऱ्यांना दीर्घकाळ तोंड दिले.

याहून नवलाचा प्रवास बंगालचा आहे. बाराव्या शतकात बंगालवर राज्य करणाऱ्या सेन घराण्यात बल्लालसेन नावाचा विद्वान राजा झाला. ‘दानसागर’ हा दानधर्मावरील ग्रंथ त्याच्या नावावर आहे. ‘अद्भुतसागर’ हा त्याने आरंभिलेला दुसरा ग्रंथ त्याचा पुत्र लक्ष्मणसेन याने पूर्ण करविला. कर्नाटकातील नाव इतक्या दूर पूर्वेस कसे गेले, हे कोडे सेनांचे लेखच सोडवितात. आपले पूर्वज कर्नाटकातून आले असे ते सांगत. घराणे स्थलांतरित झाले, भाषा बदलली. नाव मात्र बरोबर गेले. पुढे सोळाव्या शतकात भोजराजा व त्याच्या सभेतील कवी यांच्या रम्य कथा सांगणारा ‘भोजप्रबंध’ हा संस्कृत ग्रंथ रचणाराही बल्लाळच होता.

तेव्हा हे नाव केवळ पालीच्या गणपतीमुळे रूढ झाले असे म्हणता येत नाही. ते आधीपासून दक्षिण देशी चालत होते. परंतु राजांच्या मुकुटाखालून निघून ते लोकांच्या देवघरात आले, ते मात्र त्या मुलामुळे.

पेशवाईतील बल्लाळ

मराठी कागदपत्रांत बल्लाळ हे नाव विपुल आढळते, आणि तेही बहुधा मधल्या जागी, म्हणजे पित्याचे नाव म्हणून. बोलण्यात ज्याला ‘बाळाजी’ म्हणत, त्याचा मुलगा औपचारिक लेखनात पित्याचे नाव ‘बल्लाळ’ असे लावी. बाळाजी विश्वनाथ भट यांना १७१३मध्ये पेशवेपद मिळाले. १७२०मध्ये ते निवर्तल्यावर त्यांचे पुत्र पेशवे झाले. त्यांच्या मुद्रेत नाव आहे ‘बाजीराव बल्लाळ’. बाजीरावांच्या पुत्राला आजोबांचे नाव मिळाले व ते बाळाजी बाजीराव झाले. पुन्हा त्यांचे पुत्र माधवराव यांचे नाव ‘माधवराव बल्लाळ’ असे लिहिले गेले. येथे वाचकाचा गोंधळ होण्याचा संभव असतो. बाजीरावांच्या नावातील बल्लाळ म्हणजे आजोबा आणि माधवरावांच्या नावातील बल्लाळ म्हणजे त्यांचाच नातू. आजोबांचे नाव नातवास ठेवण्याच्या चालीमुळे एक पिढी सोडून हे नाव असे परत येत राहिले.

बाजीरावांचे बंधू चिमाजीअप्पा हेही अर्थातच चिमाजी बल्लाळ. पोर्तुगीजांकडून १७३९मध्ये वसई जिंकल्यावर त्यांनी तेथील घंटा विविध देवस्थानांस अर्पण केल्या व त्यांतील एक पालीस आहे, असे परंपरेने सांगितले जाते. बल्लाळेश्वराच्या दारी घंटा बांधणाऱ्याच्या नावातही बल्लाळ असावा, हा योग सुंदर आहे. पानिपतापूर्वी डिसेंबर १७६०मध्ये ज्यांना वीरमरण आले, ते बुंदेलखंडातील मराठ्यांचे अधिकारी गोविंदपंत बुंदेले यांचे मूळ नाव गोविंद बल्लाळ खेर.

ही पद्धत पेशवाईबरोबर लगेच संपली नाही. ‘संगीत शारदा’ व ‘संशयकल्लोळ’ ही नाटके लिहिणारे श्रेष्ठ नाटककार गोविंद बल्लाळ देवल (१८५५ ते १९१६) यांच्या नावात ती टिकलेली दिसते. मराठी रसिकांच्या ओठांवर या नावाची जी शेवटची मोठी छाप आहे, ती बहुधा हीच.

त्यानंतर हे नाव मागे पडले. त्याचे कारण त्याच्या वापरातच असावे. ज्याचे मुख्य स्थान औपचारिक लेखनात, पित्याच्या नावाच्या जागी होते आणि घरात हाक मात्र ‘बाळ’, ‘बाळाजी’ अशी मारली जाई, ते नाव लेखनाची जुनी रीत बदलताच निराधार झाले. हाकेतले नाव टिकते, कागदावरचे झिजते. आडनाव म्हणून ते कोकणात व कर्नाटकाच्या किनारपट्टीवर आजही चांगले रुळलेले आहे. तुळुनाडूत ‘बल्लाळ’ ही स्थानिक अधिपतींची पदवी होती. परंतु विनायक, गजानन, चिंतामणी, मोरेश्वर ही गणेशनामे घरोघरी असताना बल्लाळ नावाचा मुलगा आज क्वचितच भेटतो. २०१५ व २०१७ साली आलेल्या ‘बाहुबली’ या चित्रपटांतील खलपुरुषाचे नाव भल्लालदेव असल्याने तरुण पिढीला हा ध्वनी ओळखीचा झाला, पण भलत्याच अर्थाने. त्या पात्राचा पालीच्या बालभक्ताशी काहीही संबंध नाही.

बाळाचे नाव ठेवू इच्छिणाऱ्या भाविकांसाठी थोडी माहिती. पंचांगातील रूढ वाटणीनुसार ‘ब’ हे अक्षर वृषभ राशीत येते. नाव लिहिताना ‘ल्ल’ जोडाक्षर व अंती ‘ळ’ असावा. ‘बलाळ’ किंवा ‘बल्हाळ’ असे लिहू नये. शाळेच्या दाखल्यावर चुकलेले अक्षर पुढे दुरुस्त करणे कष्टाचे असते, म्हणून जन्मनोंदणीच्या वेळीच ते तपासून घ्यावे. घरी हाक मारावयास ‘बाळ’ हे रूप पूर्वापार आहेच.