पोटाची हाक

मंडळी, आज आपण अशा एका दुखण्याविषयी वाचू, ज्याचे नाव चारचौघांत कोणी घेत नाही. डोके दुखले तर आपण सांगतो. ताप आला तर सांगतो. पण "चार दिवस झाले, परसाकडे झाली नाही," असे कोण सांगतो? बाईमाणूस तर घरातही बोलत नाही. दुखणे अंगावर काढते. ते वाढले की मग धावपळ होते.

पुस्तकात या दुखण्याला बद्धकोष्ठ म्हणतात. आपण म्हणतो, पोट साफ होत नाही, खडा होतो, कुंथावे लागते. नाव कोणतेही घ्या. पण दुखणे कशाने होते ते समजून घ्या. समजले की अर्धे काम झाले.

टोळीतली सून

आपल्या बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसे ऊसतोडीला जातात. दसरा-दिवाळी झाली की गाड्या भरतात. कोणी पश्चिम महाराष्ट्रात जाते, कोणी कर्नाटकात जाते. पाडव्याच्या सुमारास माणसे गावी परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. त्यावर मुकादमाकडून उचल मिळते.

अशाच एका कोयत्यातल्या सुनेची ही गोष्ट. तिचे नाव सांगत नाही. कारण अशी सून प्रत्येक टोळीत सापडेल.

पहाटे तीनला ती उठायची. भाकरी थापायची. अंधारातच फड गाठायचा. दिवसभर तोडायचे, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर वाहून गाडी भरायची. कोपीजवळ संडास नव्हता. उजाडल्यावर आडोसा नव्हता. ऊस तुटला की सगळा फड उघडा. चारी बाजूंना गडीमाणसे.

मग तिने आपल्या मनाने उपाय काढला. पाणीच कमी प्यायचे. म्हणजे जावे लागणार नाही. पोटाने हाक दिली तरी दाबून धरायची. रात्री अंधार पडला की जाऊ, असे म्हणायचे. पण रात्री हाक येईना. आधी दोन दिवस गेले. मग चार दिवस गेले. मग खडा झाला. कुंथताना रक्त पडू लागले.

तिने बाजारातून मूळव्याधीचे चूर्ण आणले. एक दिवस पोटात मुरडा आला. पाण्यासारखे जुलाब झाले. पुढे तीन दिवस पुन्हा काही नाही. मग तिने चूर्ण वाढवले. असे करता करता हंगाम संपला.

गावी आल्यावर थोरल्या जावेने विचारले, "कामून अशी वाळलीस गं? जेवत न्हाईस का?"

"भूकच लागत न्हाई, आक्का. पोट दगडावानी झालंय."

जाऊ शहाणी होती. ती तिला उपकेंद्रात नर्सबाईंकडे घेऊन गेली.

नर्सबाई म्हणाल्या, "लाजू नको, बाई. हेही दुखणंच आहे. फडावर पाणी किती पीत होतीस?"

"दोन-तीन पेले."

"आणि हाक आली की जात होतीस का?"

सून खाली बघून म्हणाली, "दिवसा कुठं जाणार, बाई?"

रक्त पडते म्हणताच नर्सबाईंनी तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवले. डॉक्टरांनी तपासले. ते म्हणाले, "ही मूळव्याध नाही. खड्यानं जागा फाटून चीर पडली आहे. ती बरी होईल. पण पोट का बिघडलं ते आधी समजून घ्या."

पोटात काय होते?

आपण खातो ते अन्न आधी जठरात जाते. तिथून ते लहान आतड्यात उतरते. लहान आतडे सुमारे वीस फूट लांब असते. तिथे अन्नातला कस अंगाला लागतो. उरलेला चोथा मोठ्या आतड्यात येतो. मोठे आतडे सुमारे पाच फूट असते. त्याचे एक काम चोथ्यातले पाणी शोषून घेणे.

आता विचार करा. तळ्यातला गाळ ओला आहे तोवर फावड्याने सहज निघतो. तोच उन्हात वाळू दिला तर ढेकळे होतात. पोटातही तसेच होते. मल जितका जास्त वेळ आत राहील, तितके त्यातले पाणी शोषले जाते. तो वाळतो, कठीण होतो. त्याचाच खडा होतो.

मल आतड्याच्या शेवटच्या भागात आला की पोट हाक देते. ती हाक दाबली तर थोड्या वेळाने ती थांबते. आपल्याला वाटते, बरे झाले. पण मल आतच वाळत राहतो. असे रोज केले तर आतडे हाक द्यायचेच कमी करते. सुनेचे हेच झाले होते.

रोज झालेच पाहिजे का?

नाही. कोणाला दिवसातून तीन वेळा होते. कोणाला दोन दिवसांनी एकदा होते. मल मऊ असेल आणि त्रास होत नसेल, तर दोन्ही ठीकच. आठवड्यातून तीन वेळांपेक्षा कमी होत असेल, खडा होत असेल, फार कुंथावे लागत असेल, पोट पूर्ण मोकळे झाले नाही असे वाटत असेल, तर ते बद्धकोष्ठ.

पुष्कळांना वाटते की एक दिवस चुकला तर पोटातले विष अंगात भिनते. म्हणून ते महिन्याला जुलाब घेतात. ही समजूत खोटी आहे. तिच्यापायी चांगले पोट बिघडते.

कारणे कोणती?

पाणी कमी पिणे, हे एक. हाक दाबून धरणे, हे दुसरे. अन्नात कोंडा व चोथा नसणे, हे तिसरे. दिवसभर बसून राहणे, हेही कारण आहे. म्हाताऱ्या माणसांना हा त्रास जास्त होतो. गरोदरपणातही होतो. काही औषधांनीही होतो.

रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्यांनी पुष्कळ बायांचा कोठा जड होतो. मलाचा रंगही काळपट होतो. म्हणून घाबरून गोळ्या टाकून देऊ नका. आईला आणि पोटातल्या लेकराला रक्त हवे असते. नर्सबाईंना किंवा आशाताईंना त्रास सांगा. त्या मार्ग सांगतील.

आपली भाकरीच बरी

डेनिस बर्किट नावाचे एक डॉक्टर होते. आफ्रिकेतल्या युगांडा देशात त्यांनी बरीच वर्षे काम केले. त्यांनी व त्यांच्या सोबत्यांनी १९७२ साली एक गोष्ट छापून जगापुढे मांडली. खेड्यातली आफ्रिकी माणसे जाडेभरडे धान्य खात. त्यांच्या पोटातून अन्न लवकर पुढे सरके. मल भरपूर होई. इंग्लंडमधली माणसे पांढरा पाव व साफ केलेले अन्न खात. त्यांचे अन्न पोटात जास्त वेळ राही व मल कमी होई.

जाडेभरडे म्हणजे काय? आपली ज्वारी-बाजरीची भाकरीच की! तूर, मटकी, हरभरा हेही तसेच. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे साल भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले. जग भाकरीकडे वळते आहे. आणि आपण? सकाळी चहात बुडवून मैद्याची बिस्किटे खातो. लेकरांच्या हातात खारी आणि टोस्ट देतो.

म्हणून पीठ फार चाळू नका. कोंडा राहू द्या. जेवणात एक पालेभाजी ठेवा. मेथी, शेपू, चवळी, तांदुळजा, जी मिळेल ती. गाजर, काकडी, पेरू, पपई खा. आपल्या बालाघाटाच्या डोंगरात सीताफळे पिकतात. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. विकायला न्याच, पण घरच्या लेकरांनाही खाऊ घाला. एक ध्यानात ठेवा. चोथा एकदम वाढवला तर पोट फुगते. तो हळूहळू वाढवा आणि सोबत पाणी वाढवा.

पाणी दिवसाला आठ-दहा पेले प्या. उन्हात राबणाऱ्याला त्याहून जास्त लागते. ज्यांना मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार आहे, त्यांनी मात्र किती पाणी प्यायचे ते डॉक्टरांना विचारावे.

वेळ ठरवा

काही खाल्ले-प्यायले की मोठे आतडे हलते. सकाळी ते जास्त हलते. म्हणून सकाळी न्याहारीनंतर थोड्या वेळाने जाऊन बसा. हाक येवो न येवो, रोज त्याच वेळी बसा. पाच-दहा मिनिटे पुरेत. जोर करू नका. उकिडवे बसणे चांगले. वाट मोकळी होते. गुडघे दुखतात म्हणून खुर्चीसारख्या भांड्यावर बसत असाल, तर पायाखाली लाकडी पाट घ्या.

"मिसरी लावल्याबिगर मला होत न्हाई," असे काही बाया म्हणतात. गडी तंबाखूचे तेच सांगतात. ही लागलेली सवय आहे. तिने तोंडाचा कर्करोग होतो. मिसरीच्या जागी कोमट पाण्याचा पेला ठेवा.

औषध केव्हा व कोणते?

एवढे करूनही भागले नाही तर इसबगोल घ्यावे. दोन लहान चमचे इसबगोल पेलाभर पाण्यात टाकावे आणि लगेच प्यावे. वर आणखी एक पेला पाणी प्यावे. कोरडे कधीही खाऊ नये. ते फुगून घशात अडकते. गिळायला त्रास असेल तर घेऊ नये. त्याने दोन-तीन दिवसांत फरक पडतो. घाई करू नये.

कडक जुलाब आपल्या मनाने घेऊ नका. जमालगोटा तर विषारी आहे. गरोदर बाईला एरंडेल देऊ नका. पोटात कळ असताना कोणालाही जुलाब देऊ नका. आतड्याला सूज असेल तर जुलाबाने जिवावर बेतते. तान्ह्या लेकराला होत नाही म्हणून पानाचा देठ किंवा साबण आत घालू नका. अंगावर पिणारे लेकरू कधी चार-पाच दिवसही जात नाही. ते खेळत असेल, पीत असेल, पोट मऊ असेल, तर काळजी नको.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

मलातून रक्त पडले किंवा मल डांबरासारखा काळा झाला तर जावे. वजन आपोआप घटू लागले तर जावे. पन्नाशीनंतर पोटाची सवय एकाएकी बदलली तर जावे. या गोष्टी मोठ्या आजाराच्या खुणा असू शकतात. पोट फुगले, वारा सरेना आणि उलट्या होऊ लागल्या, तर त्याच घटकेला दवाखाना गाठावा. रात्र असली तरी थांबू नये. १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी.

पुढच्या हंगामात

सुनेला डॉक्टरांनी मल मऊ होण्याचे औषध दिले. घमेल्यात कोमट पाणी घेऊन दिवसातून दोन-तीनदा बसायला सांगितले. चूर्ण बंद झाले. काही आठवड्यांत चीर भरली. भूक लागू लागली. पण तिच्या मनात एकच प्रश्न होता. पुन्हा फडावर गेल्यावर काय?

दसऱ्याला उचल घ्यायची वेळ आली. तेव्हा टोळीतल्या बाया मिळून मुकादमाकडे गेल्या. थोरली जाऊ पुढे झाली. "आम्हाला कोपीजवळ आडोशाचा संडास पाहिजे."

मुकादम हसला. "तिथं कुठं संडास बांधता, वहिनी?"

"हसू नका, भाऊ. बाई आजारी पडली की खाडा पडतो. पैसे आमचे जातात, काम तुमचं मागं पडतं. खड्डा आमचे गडी खणतील. बांबू आणि ताडपत्री तेवढी तुम्ही द्या."

मुकादम गप्प झाला. मग म्हणाला, "देतो."

त्या वर्षी कोप्यांपासून थोड्या अंतरावर, पाण्यापासून लांब, दोन खड्डे झाले. वर फळ्या टाकल्या. भोवती ताडपत्री लावली. गेल्यावर वरून राख टाकायची, असे ठरले. पक्का संडास तो नव्हेच. कारखान्याने तो बांधून द्यावा, ही मागणी उरलीच आहे. फड लांब असला की दिवसा अजूनही अडचण होते. मग दोघी-दोघी मिळून जातात. एक चादर धरते. पण सून आता फडावर पाण्याची कळशी नेते आणि पोटभर पाणी पिते.

ध्यानात ठेवा

पोटाची हाक दाबू नका.
पाणी पोटभर प्या. भाकरी, डाळी, पालेभाजी खा.
सकाळची एक वेळ ठरवा.
कडक जुलाब मनाने घेऊ नका.
रक्त पडले तर लाज सोडा, दवाखाना गाठा.

प्रश्न

१. सून पाणी कमी का पीत होती? त्याने काय झाले?
२. मल आत राहिला की कठीण का होतो?
३. इसबगोल कसे घ्यावे?
४. कोणत्या खुणा दिसल्या तर डॉक्टरांकडे जावे?
५. तुमच्या घरात, शाळेत किंवा कामाच्या जागी बायांना व लेकरांना हाक दाबावी लागते का? त्यावर काय करता येईल, ते चारचौघांत बोला.