सई, टाच दाखव

प्रिय सई,


काल दुपारी तीनला, म्हणजे तुमच्या लोझानला सकाळी साडेदहाला, मी फोन पोह्यांच्या डब्याला टेकवून बॅले स्पर्धेतला तुमचा क्लास लाइव्ह बघत होते. पुढ्यात मेथीची जुडी होती, ती तशीच राहिली. बारवर तू सुरेख होतीस. प्लिए, तांद्यू, रॉं द जांब, ही नावं आता मलाही पाठ झाली आहेत. मग बार बाजूला सारले, तुम्ही सगळ्या मधोमध आलात, आणि तू सरकत सरकत मागच्या रांगेत गेलीस. उड्या आल्या तेव्हा अर्ध्यातच पाय सोडून दिलास आणि वाकून बुटाचं इलॅस्टिक चाचपलंस. इलॅस्टिकला काही झालं नव्हतं, सई. तू टाच दाबत होतीस.

रात्री वहिनीचा फोन आला. तू तिला म्हणालीस म्हणे, की क्लास म्हणजे नुसतं अंग मोकळं करणं, खरं काय ते रंगमंचावर, म्हणून जपून केलं. हे तुला कोणी शिकवलं? परीक्षक त्या खोलीत भिंतीला पाठ लावून काय उन्हं खायला बसतात? वर्गातलं कामही ते जोखतात, हे मला पुण्यात बसून कळतं आणि तुला तिथे कळत नाही? १९७३ साली घड्याळांच्या धंद्यातल्या फिलिप ब्राउनश्वाइग यांनी आणि त्यांच्या नर्तकी पत्नीने, एल्विरने, ही स्पर्धा सुरू केली ती होतकरू मुलांना चांगल्या शाळेत जाता यावं म्हणून. अजूनही बक्षीस शिष्यवृत्तीचंच. शिकून संपलेली मुलगी घेऊन त्या शाळा काय करणार?

आणि वर्ग घेणाऱ्या त्या बाई! काय नजर आहे. रचना एकदाच दाखवतात, तीही निम्मी हातांनी. पुढच्या रांगेतल्या एका मुलीच्या खांद्याला नुसतं बोट लावलं त्यांनी, उजवी बाजू चालू असताना. मग पियानोवाल्याने चार मात्रा धरल्या, डावी बाजू सुरू झाली, आणि त्या मुलीचा खांदा खाली आलेला होता. बाई पुढेही गेल्या नव्हत्या, तिथेच थांबून बघत होत्या. उजवीकडे सांगितलेलं डावीकडे दिसतं का, एवढंच त्यांना बघायचं होतं. तुझ्यापर्यंत त्या आल्याच नाहीत. येणार कशा? तू खांबामागे.

खरं सांग, पाय दुखतोय ना? तिथे गेल्यापासून की आधीपासून?

मी रागावते आहे खरी, पण मला रागवायचा हक्क किती, ते तुझ्या बाबाला विचार. एकोणीस वर्षांची होते. सदाशिव पेठेतल्या वाड्यात कथकचा क्लास, खाली शहाबादी फरशी, पायात शंभर-शंभर घुंगरू. तत्कार चौगुणीत गेला की डावा घोटा पेटायचा. बाईंनी विचारलं, "डावा का पडत नाही?" मी म्हटलं, "काही नाही." दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, पुन्हा "काही नाही." तिसऱ्या दिवशी त्या सगळ्यांदेखत बोलल्या, की अंगचोरी करायची असेल तर घरी बस. बसले की घरी! दुखतंय म्हणाले असते तर तेवढ्यावर मिटलं असतं, पण तोंडाला कुलूप. पुढे कित्येक वर्षांनी बरोबरची एक मुलगी लक्ष्मी रोडला भेटली. म्हणाली, बाईंनी तुझे घुंगरू वर्षभर खुंटीवरून काढू दिले नाहीत कुणाला.

मी जिना उतरताना डावा पाय आधी टाकते, त्याची नक्कल तू पाच वर्षांची असताना करून दाखवायचीस. सगळे हसायचे. मीही हसायचे. ते हे.

म्हणून परत परत विचारते. तुमचा रंगमंच प्रेक्षकांकडे उतरता आहे म्हणे. सपाट जमिनीवर लपतं ते उतारावर लपायचं नाही. तिथे फिजिओथेरपिस्ट तुमच्यासाठीच बसवलेत, त्यांच्याकडे जा. आणि क्लास सुरू व्हायच्या आधी त्या बाईंकडे जाऊन सरळ सांग, की टाच दुखते, मोठ्या उड्या आज करत नाही. एवढी हयात वर्गात काढलेल्या बाईला दुखरा पाय नवा नसतो. उड्या सोडल्यास तरी चालेल, पण बाकीचं पुढच्या रांगेत उभी राहून कर. हात दुखत नाहीत ना? मान दुखत नाही ना? मग ती तरी पुरी वळू दे.

अंतिम फेरीचं मनात धरून बसू नकोस. वीसएक जणांत नाव आलं नाही तर बाकीच्यांचाही एक वर्ग होतो, शाळांचे आणि कंपन्यांचे लोक तो बघायला येतात, तिथूनही मुलांना बोलावणी येतात. आणि नाही आलं तर नाही आलं. पंधरा दिवस इकडे ये. मी तुला काहीही विचारणार नाही, फक्त जेवायला वाढीन.

रात्री जास्तच बोलले का वहिनीजवळ? तिला म्हणावं, आत्याचं डोकं फिरलं होतं. तिने हळदीचा लेप लावायला काढला असेल तर लावू देऊ नकोस, गुलाबी मोजे पिवळे होतील आणि परीक्षकांना वाटेल महाराष्ट्रात अशीच रीत आहे. बर्फ लाव. पाय उशीवर घेऊन झोप. तुला लहानपणी उशी पायाखाली लागायचीच, डोक्याखाली नसली तरी चालायची.

झोपायच्या आधी टाचेचा फोटो पाठव. सुजली असली तरी पाठव, मी ओरडणार नाही. उद्या तीनला मी आहेच. मेथी आज रात्रीच निवडून ठेवते.

तुझी,
आत्या