टेनिसपटूचा खांदा : आधी मोजा, मग मोकळा करा

सर्व्हिस करताना खांद्याच्या पुढच्या बाजूला कळ येणे, सामन्याच्या रात्री त्या कुशीवर झोप न लागणे, पाठीमागे हात नेताना ओढ बसणे, पूर्वीसारखा चेंडू वेगाने न जाणे. या तक्रारी टेनिस खेळणाऱ्यांत नेहमीच्या आहेत. त्यावर बहुतेक खेळाडू ठरलेले उपाय करतात. मलम चोळतात, नाहीतर वेदनाशामक गोळी घेऊन तसेच खेळतात. तेवढ्याने भागले नाही तर कोणीतरी चोळून देणारा गाठतात आणि तो हात ओढून, झटका देऊन 'हाड जागेवर बसवतो'. या उपायांनी खांदा बरा होत नाही, उलट दुखणे लांबते. वेळीच योग्य उपचार झाले तर मात्र बहुसंख्य खेळाडूंना शस्त्रक्रियेची पायरी चढावी लागत नाही.

२००४ साली सचिन तेंडुलकरच्या कोपराच्या दुखण्यामुळे 'टेनिस एल्बो' हा शब्द घरोघरी पोचला. त्याच तेंडुलकरच्या खांद्यावर २००६ मध्ये शस्त्रक्रिया करावी लागली होती, हे मात्र अनेकांच्या विस्मरणात गेले आहे. टेनिसमध्ये मारिया शारापोव्हाच्या खांद्याची शस्त्रक्रिया ऑक्टोबर २००८ मध्ये झाली. त्यानंतर २०१२ आणि २०१४ साली तिने फ्रेंच ओपन जिंकली, परंतु मधली वर्षे सर्व्हिस पुन्हा बसवण्यात गेली. एवढ्या मोठ्या खेळाडूंच्या दिमतीला तज्ज्ञांचा ताफा असतो. आपल्या जिल्ह्यातील शाळा-महाविद्यालयांच्या खेळाडूला तो कोठून मिळणार? म्हणूनच आपल्या खांद्याची माहिती त्याला स्वतःला असणे अधिक गरजेचे आहे. वर्धा, हिंगणघाट, आर्वीकडे टेनिसची कोर्टे मोजकी असली तरी बॅडमिंटनचा स्मॅश, व्हॉलीबॉलचा फटका आणि क्रिकेटमधील सीमारेषेवरून केलेली फेक यांत खांद्याची हालचाल बरीचशी तशीच होते. तेव्हा हा लेख त्या खेळाडूंनीही वाचावा.

खांद्याची रचना

शरीरातील सर्वांत मोकळा सांधा खांद्याचा. दंडाच्या हाडाचा वरचा गोल भाग फऱ्याच्या हाडावरील एका उथळ खोबणीत टेकलेला असतो. लहानशा बशीत मोठा चेंडू ठेवावा तशी ही रचना आहे. बशी लहान म्हणून हात चहूकडे फिरतो. परंतु त्याच कारणाने सांध्याला हाडांचा आधार कमी मिळतो. तो आधार देण्याचे काम सांध्याभोवतीचे पिशवीसारखे आवरण आणि चार लहान स्नायूंचा गट करतो. या गटाला 'रोटेटर कफ' म्हणतात. हात कितीही वेगाने फिरला तरी चेंडू बशीच्या मध्यावर ठेवणे हे त्याचे मुख्य काम. पाठीवरचे फऱ्याचे हाड म्हणजे या सांध्याचा पाया होय. हात वर जाताना तेही बरोबर वळले पाहिजे.

सर्व्हिस करताना हात आधी मागे व बाहेर वळतो आणि मग झपाट्याने पुढे व आत येतो. निष्णात खेळाडूंमध्ये या आत वळण्याचा वेग सेकंदाला २००० अंशांच्या पुढे जातो. चेंडू मारून झाल्यावर हा वेग आवरण्याचे काम खांद्याच्या मागच्या बाजूच्या लहान स्नायूंवर येते. भरधाव बैलगाडीचे कासरे ओढून धरावेत तसे हे काम आहे. दिवसाला शंभर सर्व्हिस, आठवड्यातून सहा दिवस, असे वर्षानुवर्षे चालले की मागचे स्नायू थकतात आणि आखडतात. आवरणाचा मागचा भागही घट्ट होऊ लागतो. तो घट्ट झाला की हात पूर्वीइतका आत वळत नाही, दंडाच्या हाडाचा गोल भाग आपल्या मध्यावरून सरकतो आणि कंडरांवर घासण्याचा व ताणाचा भार वाढतो. कळ येते ती पुढे किंवा खोलवर आत, पण मूळ कारण पुष्कळदा मागे असते. दुखते तेथेच चोळत राहिल्याने गुण का येत नाही, हे यावरून ध्यानात येईल.

दोन्ही खांदे मोजा

उपचाराची पहिली पायरी म्हणजे मोजमाप. खेळाडूला उताणे झोपवावे. हात खांद्याच्या रेषेत बाजूला घेऊन कोपर काटकोनात वाकवावे, म्हणजे बोटे छताकडे राहतील. आता हाताचा पंजा डोक्याच्या दिशेने मागे न्यावा; हे झाले बाहेर वळणे. नंतर तोच पंजा पायांच्या दिशेने खाली न्यावा. हे आत वळणे. दुसऱ्या व्यक्तीने खांदा वरून हलकेच धरून ठेवावा, नाहीतर फऱ्याचे हाड उचलले जाते आणि माप खोटे येते. तज्ज्ञ हे माप कोनमापकाने घेतात. दोन्ही हातांचे माप घेणे आवश्यक आहे.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. समजा, उजव्या हाताने खेळणाऱ्या एका मुलाचा डावा खांदा बाहेर ९० अंश आणि आत ६५ अंश वळतो. बेरीज १५५. त्याचा उजवा खांदा बाहेर १०५ आणि आत ५० अंश वळतो. बेरीज पुन्हा १५५. आत वळणे १५ अंशांनी कमी दिसते. पण तेवढेच बाहेर वळणे वाढलेले आहे. हा आजार नव्हे. लहानपणापासून खेळणाऱ्या मुलांच्या दंडाच्या हाडातच वाढीच्या वयात थोडा पीळ राहतो, त्याचा हा परिणाम. असा खांदा ओढून-ताणून आत वळवण्याचा प्रयत्न केला तर नुकसानच होईल.

आता दुसऱ्या मुलाचे पाहू. डावा खांदा वरच्याप्रमाणेच, बेरीज १५५. उजवा मात्र बाहेर १०० आणि आत ४० अंश. बेरीज १४०. येथे १५ अंश खरोखर हरवले आहेत. दोन्ही खांद्यांच्या बेरजेत ५ अंशांपेक्षा अधिक फरक असेल आणि आत वळणे १८ ते २० अंशांनी किंवा त्याहून अधिक घटले असेल, तर खांदा आखडला आहे असे सामान्यतः समजतात. हस्तोपचाराची खरी गरज या दुसऱ्या मुलाला आहे. तक्रार दोघांची सारखीच असेल, पण उपचार सारखे नाहीत. न मोजता उपचार करणे म्हणजे नाडी न पाहता काढा देणे होय.

हस्तोपचार म्हणजे काय?

फिजिओथेरपिस्टने हाताने सांधा व स्नायू हळूहळू मोकळे करणे म्हणजे हस्तोपचार. यात झटका नसतो, कडकड आवाज काढणे नसते आणि 'हाड बसवणे' तर नसतेच. कारण अशा खांद्यात हाड निखळलेले नसते. ऑस्ट्रेलियातील जेफ्री मेटलँड या फिजिओथेरपिस्टने सांधा हलवण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या. पहिल्या दोन पायऱ्यांत अगदी हलक्या, झोके दिल्यासारख्या हालचाली असतात. त्या वेदना कमी करण्यासाठी वापरतात. तिसऱ्या व चौथ्या पायरीत सांधा जेथे अडतो तेथपर्यंत नेऊन तालबद्ध हालचाल करतात. ती आखडलेपणा घालवण्यासाठी असते. टेनिसपटूच्या खांद्यात बहुधा दंडाचे हाड हळुवारपणे मागच्या दिशेने सरकवतात, म्हणजे आवरणाचा मागचा भाग सैल होतो. एका वेळी अर्धा ते एक मिनिट, मध्ये विश्रांती, असे काही वेळा करतात.

न्यूझीलंडचे ब्रायन मलिगन यांची पद्धत थोडी निराळी आहे. तीत उपचार करणारा सांधा हाताने योग्य दिशेला धरून ठेवतो आणि त्याच वेळी खेळाडू स्वतः हात वर उचलतो. मात्र ही हालचाल वेदनारहित झाली पाहिजे, हा तिचा नियमच आहे. याशिवाय खांद्यामागील व छातीच्या स्नायूंच्या गाठी दाबून सैल करणे, पाठीच्या वरच्या मणक्यांची हालचाल वाढवणे, हेही हस्तोपचारातच येते. पाठ ताठर असेल तर हात पूर्ण वर जात नाही, हे खेळाडूंना सहसा माहीत नसते.

हस्तोपचारानंतर पुष्कळांना तेथल्या तेथे फरक जाणवतो. हात अधिक वळतो, कळ कमी होते. पण हा लाभ टिकाऊ नसतो. दार उघडले, पण आत कोणी गेले नाही, तर ते पुन्हा लागणारच. मिळालेल्या हालचालीचा व्यायामात उपयोग केला, तरच ती आपली होते. महिनोन्महिने नुसते टेबलावर झोपून उपचार घेणे आणि घरी काही न करणे, यातून पैसा व हंगाम दोन्ही जातात.

घरी करावयाचे व्यायाम

पुढील व्यायाम तज्ज्ञाला खांदा दाखवून, त्याच्याकडून एकदा शिकून मगच करावेत.

१) ताण : भिंतीला पाठ व फऱ्याचे हाड टेकवून उभे राहावे. दुखरा हात छातीसमोरून आडवा घ्यावा आणि दुसऱ्या हाताने कोपराजवळ धरून हळूच ओढावा. खांद्याच्या मागे ओढ जाणवली पाहिजे. ३० सेकंद धरावे, असे ३ ते ५ वेळा करावे. पुढच्या बाजूला कळ आल्यास थांबावे. ज्यांच्या दोन्ही खांद्यांची बेरीज सारखी आहे त्यांना या ताणाची गरज नाही.

२) बाहेर वळवण्याची ताकद : रबरी पट्टा खिडकीच्या गजाला बांधावा. पट्टा न मिळाल्यास सायकलची जुनी ट्यूब उभी कापून वापरावी. कोपर कमरेशी ठेवून काखेत घडी केलेला टॉवेल धरावा. हात बाहेर वळवावा आणि परत येताना मनात तीन मोजत सावकाश यावे. हे सावकाश परत येणेच महत्त्वाचे, कारण सर्व्हिसनंतर वेग आवरण्याचे काम हेच स्नायू करतात. १५ वेळा, तीन फेऱ्या, आठवड्यातून तीन दिवस पुरेत. हात बाहेर वळवणारे स्नायू आत वळवणाऱ्यांच्या किमान दोन तृतीयांश बळाचे तरी असावेत. निव्वळ डंबेल्सनी छाती भरणाऱ्या मुलांत हे गणित बिघडलेले दिसते.

३) फऱ्याच्या हाडासाठी : भिंतीवर हात टेकून दंड काढावेत. शेवटी कोपरे सरळ झाल्यावर भिंतीला आणखी थोडे ढकलावे, म्हणजे पाठ किंचित गोल होईल. तसेच तोच पट्टा पुढे बांधून दोन्ही कोपरे मागे ओढावीत, जणू विहिरीतून दोर ओढतो आहोत.

४) पाय व कंबर : सर्व्हिसची जवळजवळ निम्मी ताकद पाय व धडातून येते. पाय ढिले पडले की तो भार खांद्यावर येतो. उठाबशा आणि एका पायावर तोल सांभाळण्याचे व्यायाम सोडू नयेत.

पुन्हा खेळायला केव्हा लागावे?

दुखणे थांबले म्हणजे खांदा तयार झाला, असे नव्हे. दोन्ही बाजूंची बेरीज जुळली आणि ताकद परत आली की आधी जमिनीवरून उसळलेले चेंडू खेळावेत, मग व्हॉली, नंतर स्मॅश आणि सर्वांत शेवटी सर्व्हिस. सुरुवातीला निम्म्या जोराने २० सर्व्हिस, एक दिवसाआड. दुसऱ्या दिवशी सकाळी खांदा दुखला नाही तरच संख्या वाढवावी. दुखला तर एक पायरी मागे यावे. गोळी घेऊन खेळल्यास ही सूचना मिळतच नाही, हा त्यातील मोठा धोका आहे. डिसेंबर-जानेवारीच्या थंड सकाळी अंग तापवण्यास अधिक वेळ द्यावा.

पालक व प्रशिक्षकांसाठी

दहा ते सोळा वर्षांच्या मुलांत दंडाच्या हाडाचे वरचे टोक अजून वाढत असते. तेथील वाढीची कूर्चा अतिश्रमाने दुखावते. अशा मुलाचा खांदा ओढू नये, चोळू नये. क्ष-किरण तपासणी करून घ्यावी. फेक व सर्व्हिस पूर्ण बंद ठेवून विश्रांती दिल्यास बहुतेक मुले बरी होतात. मात्र त्याला दोन-तीन महिने लागू शकतात. एका स्पर्धेसाठी हे महिने वाचवू पाहणारे पुढची अनेक वर्षे गमावतात.

हस्तोपचार कोणी टाळावा?

पडल्यानंतर हात उचलता न येणे, खांद्याचा आकार बदललेला दिसणे, खांदा वारंवार निखळणे, हाताला मुंग्या किंवा बधिरपणा, तापासह सूज, रात्रंदिवस सारखे वाढणारे दुखणे यांपैकी काहीही असल्यास आधी डॉक्टरांना दाखवावे. चाळिशीनंतर, विशेषतः मधुमेह असणाऱ्यांत, खांदा सर्व दिशांनी आखडतो. तो आजार वेगळा व त्याचा उपचारही वेगळा. आणि डाव्या खांद्यात कळ येऊन छातीत दाब, घाम किंवा धाप असेल तर ते खांद्याचे दुखणे समजून चोळत बसू नये; तत्काळ रुग्णालय गाठावे.

आपल्या जिल्ह्यात यासाठी दूर जाण्याची गरज नाही. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय ही दोन्ही मोठी शिक्षण रुग्णालये आहेत. सावंगीला फिजिओथेरपीचे स्वतंत्र महाविद्यालयही आहे. तेथे जाताना 'खांदा चोळून द्या' असे न म्हणता 'माझे दोन्ही खांदे मोजून पाहा' असे म्हणावे.

महाराष्ट्राच्या ऋतुजा भोसलेने २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई खेळांत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक मिळवले, तेव्हा अनेक मुलींनी रॅकेट हाती घेण्याचे मनावर घेतले असेल. त्यांच्या आईवडिलांनी रॅकेटबरोबर दीड-दोन मीटरचा रबरी पट्टाही आणावा. खर्च थोडा आहे आणि दर तीन महिन्यांनी खांदे मोजायला तर काहीच खर्च नाही.